आठवा वाफा

"हा कुणाचा?" दोन्या तोमासानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आठव्या वाफ्यात हात घातला.

तिची सून एल्विरा घरातून धावत कालव्याकाठी आली. "आई, हात काढा. जीव लावून वाढवलीत मी ती रोपं."

"कुणाचा ते विचारते."

"तुम्हाला माहितीये कुणाचा."

तळाचा गाळ उपसून काठावर पसरायचा, थिजला की वडीसारखे चौकोन पाडायचे, चौकोनागणिक झेंडूच्या दोन बिया दाबायच्या. एक रुसली तर दुसरी आहे. सोचिमिल्कोच्या कालव्यांवर सगळे असंच पेरतात. बाजारासाठी किती पेरायचं ते ज्याची जमीन तो ठरवतो. घरासाठी किती, ते मेलेली माणसं ठरवतात. जितके गेले तितके वाफे. नोव्हेंबरात ते घरी येतात, तेव्हा ज्याच्या त्याच्या वाफ्यातल्या पाकळ्यांनी दारापर्यंत वाट घालायची, म्हणजे कुणी चुकत नाही.

तोमासाच्या घरातली सात माणसं गेली होती. सात वाफे. आठवा एल्विरानं पेरला होता, नवऱ्यासाठी. फिदेन्सियो चार वर्षांपूर्वी भाजी घेऊन नावेतून बाजाराला निघाला, तो परतलाच नाही. नाव जलपर्णीत अडकलेली सापडली. तो सापडला नाही. नाव ढकलायची, मुठीला लाल तार गुंडाळलेली त्याची लांब काठीही नाही.

"माझा मुलगा जिवंत आहे," तोमासा म्हणाली. "जित्या माणसाचा वाफा घालतेस? लाज वाटत नाही?"

"जिवंत आहे तर कुठाय? त्याचा फोटो घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवते मी. तिथला ढेरपोट्या दात कोरत सांगतो, दुसरी बघितली असेल त्यानं, घरी जा. शवागारात परक्यांच्या तोंडावरच्या चादरी उचलल्यात मी, आई! तुम्ही एकदा तरी आलात?"

"मी तिथं काय बघायला येऊ?"

"आणि मेला असेल तर? वाट सापडेना म्हणून चार वर्षं दाराबाहेर ताटकळत असेल तो!"

म्हातारीचा हात थबकला. मग पुन्हा चालू झाला. मातीसकट एकेक चौकोन उचलून ती टोपलीत रचत होती.

"नवरा यायचाय म्हटलं की बायको घरात राहते," ती म्हणाली. "विधवा काय, बोचकं बांधते आणि माहेरी चालती होते. माझ्या नातीला घेऊन. तुझी घाई कळते मला."

एल्विरानं बोलायला तोंड उघडलं, तोच पलीकडच्या काठावरून शेजारच्या नाबोरची हाक आली.

"दोन्या तोमासा, फेकताय कशाला? माझी निम्मी रोपं गोगलगायींनी फस्त केलीत. जास्तीची मला द्या की!"

मागणं रास्त होतं. या कालव्यांवर उरलेली रोपं कुणी फेकत नाही. ज्याची कमी पडली तो मागतो, ज्याची उरली तो देतो. पाणी मागावं इतकं साधं.

"तुला रोपं हवीत की माझी सून हवीय?" तोमासा कडाडली. "फेकून देईन, पण तुला नाही द्यायची!"

नाबोर कानांपर्यंत लाल झाला आणि खाली वाकून नसलेलं तण उपटू लागला.

म्हातारीनं टोपली नावेत ठेवली. "मी नेते," एल्विरा म्हणाली. "हात लावू नकोस," म्हातारी म्हणाली आणि एकटीच वळणाआड गेली. दिवेलागणीला आली तेव्हा हात कोपरापर्यंत चिखलानं माखले होते.

"फेकली," ती म्हणाली आणि जेवायला बसली.

दरवर्षी हेच. दरवर्षी एल्विरा पेरायची, दरवर्षी ही उपटायची. आठव्या वाफ्यात ती माहेरचं, डोंगरातलं बी टाकायची. काळपट लाल फूल, कडेला बारीक पिवळी किनार. लग्नाआधी फिदेन्सियोनं तिच्या केसांतलं तेच मागून घेतलं होतं. खाली कालव्यांवर ते दुसऱ्या कुणाकडे नव्हतं.

ऑक्टोबर संपत आला. सातही वाफ्यांची फुलं तोडायला आली होती. गुरांना चारा कापून परतणाऱ्या नाबोरनं नाव थांबवली.

"एल्विरा, तुझ्या माहेरची फुलं झकास आलीत की! त्या मागच्या पडीक तुकड्यावर कधी लावलीस?"

"कुठल्या तुकड्यावर?"

"जलपर्णीनं वाट बुजलीय ना, त्याच्या पलीकडं. मला वाटलं तूच लावलीस."

एल्विराला सगळं लख्ख समजलं. फेकली म्हणे! शेजाऱ्याला द्यायला नाही, पोटच्या पोराच्या वाटेवर घालायला नाही, आणि चोरून वाढवायला बरी. सणाच्या बाजारात असलं फूल दुप्पट भावानं जातं. फिदेन्सियोच्या नावाची फुलं ही बाई विकत होती, आणि वर तिचीच लाज काढत होती!

तिनं नाव सोडली. कोयता पायाशी टाकला.

"मी येऊ?" नाबोरनं विचारलं.

"नको. आज हिला साऱ्या गावासमोर उघडी पाडते. एक रोप शिल्लक ठेवत नाही."

जलपर्णी कापत, शिव्या घालत ती पलीकडे गेली. गवतातून कुणीतरी ये-जा करून पायवाट पडली होती. ती तणतणत चढली, कोयता उगारूनच.

फुलं तिचीच होती. पण मळा नव्हता. एकच वाफा होता, उंच माणूस आडवा झाला तर मावेल एवढा. एकही फूल तोडलेलं नव्हतं. मुळांशी मागच्या वर्षांची वाळकी खुंटं तशीच होती. आणि उशाशी, जमिनीत खोल रोवलेली, एक लांब काठी होती. तिच्या मुठीला लाल तार होती.