मागचा आवाज

घरच्या कॉम्प्युटरवर बनवलेला प्रत्येक ट्रॅक तो आधी ताईला ऐकवायचा, कारण ती तोंडदेखलं कौतुक करत नसे. आजवर तिने दरवेळी नाकच मुरडलं होतं. या वेळी मात्र ऐकता ऐकता तिचे डोळे मिटले.

हेडफोन काढून ती म्हणाली, "पहिल्यांदाच अंगावर काटा आला रे! मागे तो बाईचा आवाज सारखा येतो ना, तो कुठून उचललास?"

भावाचा चेहरा खुलला. "आईचा आहे. शेवटच्या आजारात तिच्याजवळ बसायचो, तेव्हा फोनवर रेकॉर्ड केला. थांब, नुसता ऐकवतो."

त्याने बाकीचं सगळं बंद करून स्पीकर लावला. खोलीत आईचा घोगरा, दमलेला आवाज तेवढा उरला.

"पाणी... पाणी... बाळा, पाणी..."

"बघ ना ताई, एकदाही लय चुकली नाही."

ताईने विचारलं, "दिलंस ना रे तिला?"

"देणारच होतो गं. पण उठलो असतो तर खुर्ची करकरली असती."