घट्ट गादी

"काकू, पाठ दुखत असेल तर माणसानं गादीवर स्वतः झोपून बघावं. काकांनाच घेऊन या," दुकानदार म्हणाला.

"त्यांना नाही जमायचं यायला. मीच बघते." चपला काढून मी गादीवर आडवी झाले.

मुलगा कानाशी वाकला. "आई, उद्या बाबांचा तेरावा. शय्यादानाला साधी गादी चालते गं. गुरुजी नेणार ती."

"नेतील गुरुजी, पण पोचेल तुझ्या बाबांनाच ना? मऊ गादीवर त्यांची कंबर धरते."

त्यानं खिशातून पाकीट काढलं.

गादी चांगली घट्ट होती. "हीच द्या," मी म्हटलं.

रोज पहाटे पूजेला बसण्याआधी मी त्यांना हात देऊन उठवत असे. तिथं त्यांना कोण उठवेल, हे देवाला विचारायचा मात्र धीर होईना.