आईची संमती

१९६२ सालची गोष्ट. मी अठरा वर्षांची होते, आणि आमच्या देशात तेव्हा वीस वर्षांखालच्या मुलीला आईबापाच्या संमतीशिवाय लग्न करता येत नसे. वडील केव्हाच गेले होते. ज्याच्याशी मला लग्न करायचं होतं त्या योशियुकीचं नाव काढलं की आई वर्षभर एकच म्हणायची, "भात करपवतेस, आणि म्हणे संसार करणार!"

एका सकाळी शिंजी तलावावर इतकं धुकं होतं, की शिंपले काढणाऱ्यांच्या होड्या आभाळातून चालल्यासारख्या वाटत होत्या. आई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने माझ्या लग्नाच्या अर्जावर, आमच्याकडे सहीच्या जागी मारतात तो, आपल्या नावाचा शिक्का उमटवला.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ती आमच्या दारात उभी. मागे त्याच शिंपल्यांच्या होड्यांतल्या एकीचे होडीवाले तोकुझो, मान खाली घालून.

"चिझुए, लग्न झालं की कायद्याने माणूस सज्ञान होतं ना गं?"

"हो. का?"

"आमच्या लग्नाला दोन सज्ञान साक्षीदार हवेत. विधवेने पुन्हा लग्न करणं तुझ्या काकांना मान्य नाही; त्यांच्या धाकाने गावात कोणी तयार नाही."

मी शिक्का शोधू लागले. "माझी संमती आहे. पण तोकुझोकाका, भात हिचाही करपतो हं!"

तो भात जन्मभर हसत खाऊन तोकुझोकाका गेले, मागोमाग आई. आता योशियुकीही नाही. धुकं पडलं की मी तलावावर जाते. होड्या अजून आभाळातूनच जातात.