मनीची साक्ष

"देवळामागची सात मांजरं नदीपार नेऊन टाकली कोणी?" तपासनीस मालतीबाई दाभाडे म्हणाल्या. "आता मनीच सांगेल."

मोकाट मांजरांना त्यांच्या जागेवरून हलवायला बंदी होती, आणि नव्या कायद्याने मांजराची आठवणही साक्ष धरली जाई. त्या सातांतल्या, परत आणलेल्या मनीच्या गळ्यात पट्टा घालून तो यंत्राला जोडला, तसा दालनात अभंगाचा सूर घुमला.

समोर बसलेले कीर्तनकार शंभूबुवा चमकून उभे राहिले. आवाज त्यांचाच होता. ऐन निरूपणात म्याँव म्याँव नको, म्हणून त्यांनी गाऊनच मांजरं जवळ बोलावली होती आणि पोत्यात भरली होती.

"अगंबाई, बुवा, तुम्ही? परवाच भूतदयेवर किती रडवलंत आम्हांला!" बाई म्हणाल्या.

"पोत्यात फार घाबरली असतील बिचारी," बुवा पुटपुटले.

बाईंनी यंत्रावरचा भीतीचा काटा दाखवला. तो शून्यावर होता. सवयीने बुवा नदीपार पोहोचेपर्यंत गुणगुणतच गेले होते, आणि तोवर पोत्यातही मनी निर्धास्त होती. मांजरं सोडून बुवा परत फिरले आणि गाणं थांबलं, तेव्हा कुठे काटा उसळला.

मनी टेबलावरून उतरली, बुवांच्या पायाशी बसली आणि गाण्याची वाट पाहत वर बघू लागली.