देवाच्या पाण्यात

जेसिंताबाई धर्मशिक्षणाच्या वर्गाला घेऊन चर्चमागच्या बावखलावर पोचल्या, तेव्हा डंपर नुकताच रिकामा होऊन गेला होता. गोड्या पाण्याचं ते जुनं तळं अर्धं राडारोड्याखाली गेलं होतं. सहा वर्षं त्या दर रविवारी मुलांना बायबलातली उत्पत्तीची गोष्ट इथंच शिकवत होत्या, जाळीत मासे धरून, बेडकांची अंडी दाखवून.

काठावर चर्चचा कारभार पाहणाऱ्या धर्मग्राम समितीचे फुलजन्स तुस्कानो उभे होते. "सणाला गाड्या लावायला जागा नको का?" ते म्हणाले. "बायबल वर्गात बसून शिकवा, बाई. चिखलात कशाला?"

बाईंचे कान तापले. "आदामाला देवानं बाग राखायला ठेवलं होतं, बुजवायला नाही," एवढंच बोलून त्या पदर खोचून खाली उतरल्या. मुलंही मागोमाग उतरली. विटांचे तुकडे हातोहात चर्चच्या पायऱ्यांवर जाऊ लागले.

मिस्साच्या प्रार्थनेची घंटा झाली तोवर लोकांना आत जायला वाट उरली नव्हती. फादर बाहेर आले. "बाई, ही घाण देवाच्या दारात?"

"देवाच्या पाण्यात चालली, मग दारात का चालू नये, फादर?" बाई बाजूला झाल्या नाहीत.

फादर वाकले आणि पायरीवरचा एक तुकडा हातात घेऊन पाहू लागले. मग गर्दीत येऊन उभ्या राहिलेल्या तुस्कानोंकडे वळून म्हणाले, "डंपर परत बोलवा. तळ्यातलं सगळं उचललंत की मिस्सा सुरू करू."