आट्यांचं बॉटम ब्रॅकेट

मंथननं त्याच्या सायकलच्या दुकानात काउंटरवर दोन बॉटम ब्रॅकेट ठेवली. सायकलच्या पोटातला, पायडलच्या दांड्यांचा, म्हणजे क्रँकचा, आस ज्यात फिरतो तो भाग.

"हे बघ सौम्या, तुझ्या नव्या क्रँकला दोन्ही चालतात. हे नुसतं दाबून बसवायचं, लई हलकं. हे दुसरं आट्यांचं. दोन्ही बाजू आत एकमेकीत पिळायच्या. पण जड हाय."

रविवारी विजापूरला राज्याच्या सायकल संघाची निवड होती. सौम्याच्या सायकलीत आतापर्यंत दाबून बसवलेलंच होतं, आणि चोर्ला घाटात ती उभी राहून जोर लावू लागली की ते करकरायचं.

"जड दे," ती म्हणाली.

"अगं, निवडीला समदी हलकं घालून येत्यात. चढाला वजन कळतंय."

"माझ्या फ्रेमचं भोक जरासं तिरकं हाय. उघडून बघितलंय मी. दाबून बसवलं की दोन्ही बाजू आपापल्या वाटंनं जात्यात. आट्यांचं असलं की एकमेकीला धरून ऱ्हात्यात."

मंथननं फ्रेम उजेडात धरून आत डोकावून पाहिलं. "व्हय, हाय खरं. तरी नवं हलकंबी चालून जाईल." मग बाकावर बसलेल्या तिच्या वडिलांकडे, भरमूकडे वळला. "आप्पा, तुमीच सांगा. कुठलं घालू?"

भरमूला बरं वाटलं. पिरनवाडीच्या त्याच्या घरात त्याला विचारल्याशिवाय काही ठरत नव्हतं. शेतात काय पेरायचं, म्हैस कधी विकायची, थोरल्यानं कुठल्या कॉलेजात जायचं. तो बोलायला तोंड उघडणार, तोच त्याची नजर सौम्याकडे गेली. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. मान खाली घालून आट्यांवरनं बोट फिरवत होती.

"मला काय इचारतोस?" भरमू म्हणाला. "घाट ती चढतीया. ती म्हणंल ते घाल."

सौम्यानं चमकून वर पाहिलं.

"पाने दे मंथनदादा," ती म्हणाली. "मी बसवते. आप्पा, तुमी ह्या बाजूनं धरा. हलू द्यायचं न्हाय."

भरमू उठला. बाह्या सारून त्यानं पाना दोन्ही हातांनी घट्ट धरला. पलीकडून सौम्यानं अंगाचा सगळा भार दुसऱ्या पान्यावर टाकला. आटे एकमेकांत रुतत गेले, आणि तिचा जोर पोलादातून थेट त्याच्या मनगटांत उतरला. त्याला पाय रोवून उभं राहावं लागलं. एवढी ताकद पोरीत कधी आली?

पंक्चर काढायला आलेलं एक गिऱ्हाईक दारातच थांबून बघत होतं. त्यानं भरमूला कानडीत विचारलं, दुकान तुमचं काय?

भरमूनं पाना न सोडता मान वर केली.

"न्हाय ओ," तो मराठीतच, गरजेपेक्षा जरा मोठ्यांदा म्हणाला. "मी हिचा बाप."