बंदुकीचा गेम आणि संस्थेची बादली

पंचनामा आधी बादलीचा झाला. कारण बादली दूध संस्थेची होती आणि डोकं बद्रीनाथचं स्वतःचं. बादलीला असा पोचा आला होता की बघणारे शपथेवर सांगत होते, त्यात बद्रीनाथच्या डोक्यावरचा भोवरासुद्धा उमटलाय. दुष्काळात संस्थेनं नांदूरघाटच्या माळावर जनावरांची छावणी उघडली होती. बद्रीनाथ तिथला व्यवस्थापक. डोक्याला पट्टी बांधून तो चेअरमनशेजारी खुर्चीत बसला होता. मारणारा उत्तरेश्वर खाली मातीत उकिडवा. त्याच्यामागं, पदर तोंडाशी धरून, त्याची आई सरस्वतीबाई.

सरस्वतीबाईचं लक्ष ना बादलीकडं होतं, ना डोक्याकडं. ती पलीकडच्या दावणीला बांधलेल्या आपल्या लालकंधारी बैलजोडीकडं बघत होती. छावणीत हाणामारी करील त्याची जनावरं बाहेर, असा संस्थेचा नियम होता. आणि बाहेर काय होतं? विहिरीत गाळ, रानात धसकटं. बाहेर काढलेली जोडी आठ-पंधरा दिवसांत बाजारात उभी राहणार. मग उसाच्या हंगामाला कारखान्यावर गाडी न्यायची कशाच्या जिवावर?

“बोल रं, कामून मारलंस?” चेअरमन अर्जुनरावांनी विचारलं.

“बैल पाणी पीत हुता अन् ह्यानं येसण वढली,” उत्तरेश्वर म्हणाला.

“येसण तर मी रोजच वढतो,” बद्रीनाथ म्हणाला. “समद्यांच्याच बैलांची. चेअरमनसाहेबांच्या म्हशी आल्या की हौद मोकळा कराया नको? आजवर कुणी न्हाई बादली हाणली.”

अर्जुनरावांना एकाएकी ठसका लागला. सभेतल्या बऱ्याच जणांना आपापल्या बैलांची नाकं आठवली. तेवढ्यात संस्थेचा सचिव धोंडीराम मागून म्हणाला, “साहेब, हे पोरगं दिवसभर मोबाईलवर बंदुकीचा गेम खेळतं.”

ठसका जागच्या जागी बरा झाला.

“असं हाय तर!” अर्जुनराव म्हणाले.

मग सभेला कंठ फुटला. जो तो गेमवर बोलू लागला. चौसाळ्याच्या एका गड्यानं असल्याच गेमच्या भरात हातबॉम्ब समजून सासऱ्याच्या अंगावर कवठ फेकलं होतं म्हणे. ते कवठ आपल्या डोळ्यांनी बघितलेले साक्षीदार तिथंच निघाले, आणि प्रत्येकाच्या तोंडी कवठ थोरलं होत गेलं. वेसणीचं नाव मात्र पुन्हा कुणी काढलं नाही.

सरस्वतीबाईला ते सगळं पटत होतं. तिनं कानांनी ऐकलं होतं. दुपारी छपराखाली पडल्या पडल्या, कानात वायर घालून उत्तरेश्वर ओरडायचा, “झाडामागं हाय! मार त्याला, सोडू नको!” तिनं धास्तीनं झाडामागं जाऊन पाहिलं, तर तिथं शेजारच्या मंजुळाबाईचं वासरू रवंथ करत होतं. त्या दिवसापासून तिनं ऊसतोडीचा कोयता कडब्याच्या गंजीत लपवून ठेवला होता. पोटचं पोर, पण भरवसा वाटेना.

“हे बघा सरस्वतीबाई,” अर्जुनराव मायेनं म्हणाले, “गेमनं डोकं फिरलं, एवढं पोरानं कबूल करावं. मग दोष पोराचा न्हाई, गेमचा. जोडी छावणीत राहील.”

तिनं पोराच्या पाठीत बोट खुपसलं. “म्हन की.”

“आये, अगं बैलाच्या नाकातून...”

“म्हन म्हन्ते ना!”

उत्तरेश्वरनं एकवार दावणीकडं पाहिलं. “गेममुळं झालं,” तो म्हणाला.

टाळ्या पडल्या. गेम सर्वांसमक्ष मोबाईलातून पुसावा आणि आरोपीनं छावणी उठेपर्यंत हौदाकडं फिरकू नये, असा ठराव झाला. सूचक बद्रीनाथ, अनुमोदक धोंडीराम. ठराव एकमतानं मंजूर. बैलांना पाण्यावर त्याच्या आईनं न्यावं, असं ठरलं. संस्थेनं नवी बादली आणली.

सरस्वतीबाई तोवर कधी हौदावर गेली नव्हती. ती चारा आणायची, शेण काढायची. पाण्याचं पोरगं बघायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती जोडी घेऊन रांगेत उभी राहिली. ऊन चढलं तेव्हा तिची पाळी आली. बैल पाणी पिताना पोरगं शीळ घालायचं. हिला शीळ येत नव्हती. ती नुसतीच “पी माझ्या राजा, पी,” म्हणत राहिली. बैलानं नाकापर्यंत तोंड पाण्यात घातलं. गळ्याखालची पोळी घोटाघोटाला हलू लागली, तशी हिच्याच घशाची कोरड गेल्यागत झाली.

तेवढ्यात चेअरमनच्या म्हशी आल्या. बद्रीनाथनं येऊन बैलाची वेसण धरली आणि हिसडा दिला. बैलाची मान वर झाली. तोंडातला घोट खाली सांडला. तो लालसर होता.

“घ्या बाजूला, म्हशी आल्यात,” बद्रीनाथ म्हणाला.

पुढचं नीट कुणालाच सांगता येत नाही. कुणी म्हणतं, आवाज चौसाळ्यापर्यंत गेला. कुणी म्हणतं, त्या आवाजानं म्हशी बुजल्या त्या थेट चेअरमनच्या दारात जाऊन थांबल्या. एवढं मात्र खरं, की नवी बादली पहिल्याच दिवशी चेपली आणि बद्रीनाथ हौदाच्या कडेला मांडी घालून, आपण कुठल्या गावचे हे आठवत बसला.

लोक चेअरमनला बोलवायला पळाले. बोंब ऐकून ठराव मोडून उत्तरेश्वर धावत आला. सरस्वतीबाईनं बैलाला पोटभर पाणी पिऊ दिलं. मग दुसऱ्यालाही दिलं. तोंडावरून पदर फिरवला आणि पोराला जवळ ओढलं.

“त्यो गेम परत घाल रं मोबाईलात,” ती हळूच म्हणाली. “चेअरमन येईस्तोवर मला खेळाया शिकव.”